घड्याळ घातलेला हात

बाबांच्या लॉकरमधलं सामान एका कापडी पिशवीतून घरी आलं. कारखान्यात त्यांच्या शेजारच्या मशीनवर काम करणारे गृहस्थ ती घेऊन आले होते. बाबांना जाऊन तीन दिवस झाले होते. त्याआधी आठ महिने ते आजारीच होते, म्हणजे लॉकर आठ महिने बंद होता. ते गृहस्थ दारातच उभे राहिले, चहाला नको म्हणाले आणि पिशवी माझ्या हातात देताना म्हणाले, "जसं होतं तसं आणलंय. मी काही बघितलेलं नाही."

हे मला खटकलं. कुणी विचारलेलं नसताना माणूस असं का सांगेल? आता वाटतं, त्या बिचाऱ्यांना दुसरं काही बोलायला सुचलं नसेल. पण त्या दिवसांत मला प्रत्येकाच्या बोलण्यामागे काहीतरी दिसायचं. घरातलं माणूस गेलं की जो तो हलक्या आवाजात बोलतो, आणि हलक्या आवाजात बोललेलं सगळंच लपवल्यासारखं वाटतं.

आम्ही अंबरनाथला कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहत होतो. दोन खोल्या आणि मागे न्हाणीघर. बाहेरच्या खोलीत आई शेजारच्या बायकांमध्ये बसली होती. मी पिशवी आत नेली आणि ओट्यावर रिकामी केली. साबणाची डबी, ॲल्युमिनियमचा मग, जुना टॉवेल, डोकेदुखीच्या गोळ्यांची अर्धी पट्टी. तळाशी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये दाबून ठेवलेलं काहीतरी चपटं होतं. वरून सुतळी. गाठ बाबांचीच होती. ते नेहमी दुहेरी गाठ मारायचे आणि वर ती ओढून बघायचे.

आत फोटो निघाला. पोस्टकार्डाएवढा, काळापांढरा. कुठल्यातरी लग्नातला होता. मांडवाचा बांबू, मागे कनात, शेजारी तीनचार माणसं, आणि एका कडेला बाबा. तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचे असतील. पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, भरलेले गाल, हसू दाबून ठेवल्यासारखा चेहरा. आठ महिने मी ज्या चेहऱ्याची उशी बदलत होते त्या चेहऱ्याशी याचा काही संबंध उरला नव्हता, तरी पाहताक्षणी ओळखू आला.

मग दिसलं की फोटो कापलेला आहे. उजवी कड छापखान्यातून आल्यासारखी सरळ नव्हती. ब्लेडने कापली होती, तीही घाईने, कारण मध्ये एका ठिकाणी ब्लेड घसरल्याची खूण होती. बाबांच्या शेजारी, किंचित मागे, कुणीतरी उभं होतं. ते माणूस कापून काढलं होतं. पण त्याचा हात बाबांच्या खांद्यावर होता, आणि तो हात काढायचा तर बाबांचा खांदा कापावा लागला असता. म्हणून हात तेवढा राहिला होता. चार बोटं, मनगट, मनगटावर घड्याळ. त्यापुढे कड.

बाहेरून आईने हाक मारली, तेव्हा मी फोटो माझ्या पुस्तकात सरकवला. का सरकवला ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी काम करायचे. पुस्तकात वस्तू लपवायची सवय वाचणाऱ्यांना असतेच, आणि परत आलेल्या पुस्तकांत काय काय सापडतं ते मी रोज बघत होते. पण आजवर मी स्वतः काही लपवलं नव्हतं.

फोटोची गरज मात्र होतीच. पुढच्या रविवारी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. बुद्धमूर्तीशेजारी बाबांचा फोटो ठेवायचा, मेणबत्त्या, पांढरी फुलं, वंदना, मग चार माणसं त्यांच्याबद्दल बोलणार. आणि आमच्याकडे ठेवण्याजोगा फोटोच नव्हता. कारखान्याच्या ओळखपत्रावरचा चांगला होता, पण ओळखपत्र जमा करावं लागलं. मतदानाच्या कार्डावर ते दुसरेच कुणीतरी दिसायचे. घरातल्या दोनतीन फोटोंत ते मागच्या रांगेत होते, एकात तर फक्त कपाळ. आजारपणातला एक फोटो होता, तो आईने कपाटात उलटा ठेवला होता. ती म्हणाली होती, "तो लावायचा नाही. आलेली माणसं तोच चेहरा घेऊन जातील."

तेव्हा हाच फोटो लागणार हे मला कळत होतं. यातले बाबा कापून घ्यायचे, मागचा मांडव काढायचा, मोठे करायचे. असं करून देणारे स्टुडिओ होते. पण त्याआधी तो हात कुणाचा, हे मला कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी बदलापूरहून आत्या आली. बाबांची एकुलती एक बहीण. आई न्हाणीघरात होती, म्हणून मी पुस्तकातून फोटो काढून तिच्यासमोर धरला. तिने आधी चष्मा शोधला. चष्मा लावून बघितलं आणि लगेच फोटो उलटा केला, जणू मागे काही लिहिलं असेल.

"कुठनं काढलास गं हा?"

"लॉकरमधून आला. कुणाच्या लग्नातला?"

"माझ्याच." तिने फोटो परत माझ्याकडे दिला. "होता होय अजून."

"हा हात कुणाचा?"

"असंल कुणाचातरी. लग्नात पन्नास माणसं येतात." मग न्हाणीघराच्या दाराकडे बघत म्हणाली, "वहिनीला दाखवलास?"

"नाही."

"नको दाखवू आत्ताच. आणि हे बघ, स्टुडिओवाल्याला सांग, हातबित सगळं साफ कर म्हणावं. वर कोट घाल. कोटात बरं दिसतं माणूस."

"बाबांनी जन्मात कोट घातला नाही."

"म्हणून तर! आता तरी घालू दे की."

ती हसली, पण तिचं हसू लवकर संपलं. तिच्या स्वतःच्या लग्नातला फोटो, आणि त्यात कोण कुणाशेजारी उभं होतं हे तिला आठवत नाही? माझी आत्या कुणाच्या लग्नात कुणी कुठल्या रंगाची साडी नेसली होती ते वीस वर्षांनी सांगणारी बाई. आईपासून लपव म्हणाली, हे तर मला स्पष्ट ऐकू आलं होतं.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक गोष्ट तयार व्हायला लागली. बाबा महिन्यातून एका रविवारी बदलापूरला जायचे. "बहिणीकडे जाऊन येतो." आई कधी बरोबर गेली नाही. मला एकटीला न्यायचे, तेही मोठी झाल्यावर बंद झालं. आई का येत नाही असं मी लहानपणी विचारलं होतं, तेव्हा बाबा म्हणाले होते, "तिला नाही आवडत." आता या साध्या उत्तराकडे मी वेगळ्या नजरेने बघू लागले. तिला काय आवडत नव्हतं? बदलापुरात काय होतं? आणि जो फोटो घरात ठेवता येत नाही, तो माणूस वीसबावीस वर्षं लॉकरमध्ये जपून का ठेवतो?

स्टुडिओ उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये होता. मी विठ्ठलवाडीला उतरून रिक्षाने गेले. अंबरनाथमध्येही स्टुडिओ होते, पण कॉम्प्युटरवर हे काम करणारा तिथे कुणी नव्हता, आणि असता तरी मी गेले नसते. ओळखीचं कुणी बघेल, हात बघेल, विचारेल. बाबा स्वतः उल्हासनगरचं काही घेताना वस्तू तीनदा उलटीसुलटी करून बघायचे. नळ घेतला तर दुकानातच तोंड लावून फुंकून बघायचे. आमच्याकडे एखादी वस्तू आठवड्यात मोडली की "उल्हासनगरचा माल" एवढं म्हटलं की पुरे व्हायचं. तिथेच मी त्यांना घेऊन चालले होते.

स्टुडिओवाले साठीच्या आसपासचे सिंधी गृहस्थ होते. पांढरा लेंगा-सदरा, डोळ्याला जाड भिंगाचा चष्मा. दर्शनी भागात पासपोर्ट फोटोची खुर्ची आणि मागे निळा पडदा. आतल्या खोलीत कॉम्प्युटर, त्यावर भरतकाम केलेलं कापड झाकलेलं. भिंतीवर नमुने लावले होते. सगळे गेलेल्या माणसांचे. सगळ्यांना कोट होता. नीट बघितलं तर पाचजणांना एकच कोट होता, टायची गाठही तीच.

"कोट टाकू?" त्यांनी मी काही बोलायच्या आत विचारलं.

"नको."

"अच्छा. पहिली गिऱ्हाईक नको बोलणारी. बैस, बेटी."

मी फोटो हातातून सोडत नव्हते. त्यांनी काचेच्या मशीनचं झाकण उघडलं आणि हात पुढे केला. "दे. खाऊन नाय टाकणार."

"लाइटने फोटो उडत नाही ना?"

"उन्हात धरला तर उडतो का? हे तर दहा सेकंद आहे." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू इथेच बस. सगळं समोर करतो. शक असला की काम बघून घ्यायचं."

मी बसले. शक होताच. माझा दुपारचा वेळ गेला, त्यांची दोन गिऱ्हाइकं परत गेली, तरी त्यांनी मला उठ म्हटलं नाही.

पडद्यावर बाबा हळूहळू वरून खाली उतरत आले. आधी केस, मग कपाळ, मग डोळे. त्यांनी चित्र मोठं केलं आणि माऊस बाबांच्या कानाजवळ नेला. टिक्. थोडं पुढे, टिक्. कानाच्या पाळीला वळसा घालून पुन्हा टिक्. प्रत्येक ठिकाणी एक ठिपका, दोन ठिपक्यांत रेघ. माऊस त्यांनी ब्रशसारखा तीन बोटांत धरला होता.

"पहिले हे काम ब्रशने करायचो," ते म्हणाले. "निगेटिव्हवर लाल रंग. माणसाच्या कडेकडेने लावत जायचा, मागचं सगळं बंद. एक केस इकडेतिकडे झाला की माणूस टकला. हात थरथरायला लागला तेव्हा मुलाने हे मशीन आणलं. बोलला, पप्पा, यात चुकलं तरी परत मागे जाता येतं." थोड्या वेळाने म्हणाले, "आमच्या टाइमला मागे जाता येत नव्हतं."

केसांची कड पूर्ण झाल्यावर त्यांनी एक बटण दाबलं. बाबांच्या मागची कनात गेली. मांडवाचा बांबू गेला, शेजारची माणसं गेली. त्या जागी करड्या आणि पांढऱ्या बारीक चौकटी आल्या, इराण्याच्या हॉटेलातल्या फरशीसारख्या.

"ह्या चौकटी कशाला टाकल्या?" मी विचारलं.

"टाकल्या नाय. ते काहीच नाय आहे."

"दिसतंय तर."

"दाखवायला लागतं, बेटी. मागे आता आरपार आहे. तिथे नुसतं पांढरं ठेवलं तर तुला वाटणार, मागे पांढरी भिंत आहे. काहीच नाय आहे हे कळायला चौकटी. आता मागे जे ठेवशील ते येणार. निळं ठेव, बगीचा ठेव, काश्मीर ठेव."

माझा यावर विश्वास बसायला वेळ लागला. बाबा त्या चौकटींवर उभे होते आणि त्यांच्याभोवतीचं लग्न कुठे गेलं होतं, हे मला कळत नव्हतं. कागदावरचा फोटो मशीनमध्ये जसाच्या तसा असेल ना, म्हणून मी एकदा झाकण उघडायला लावलं. होता. ते हसले नाहीत.

मग ते खांद्यापाशी आले. तिथे चित्र अजून मोठं केलं. बोटं पडद्यावर केळ्यांएवढी झाली. त्यांनी माऊस थांबवला, चष्मा कपाळावर सरकवला आणि तोंड पडद्याच्या अगदी जवळ नेलं.

"बेटी, हा बाईचा हात आहे."

"घड्याळ तर माणसाचं आहे."

"घड्याळ माणसाचं. हात बाईचा. हे बघ, घड्याळाच्या खाली काय? बांगडी. दोन आहेत. आणि पट्टा बघ किती सैल आहे. मनगटावर फिरतंय."

मी बघितलं. घड्याळाच्या चौकोनी तबकडीखाली दोन बारीक रेघा होत्या. कागदावर त्या कधीच दिसल्या नसत्या. आणि घड्याळ मी ओळखलं. चौकोनी तबकडीचं ते घड्याळ आमच्या कपाटात होतं, बाबांच्या आजारपणात मनगटातून निसटायला लागलं म्हणून आईने काढून ठेवलेलं. मी बाबांच्या हाताकडे बघितलं. दुमडलेल्या बाहीखाली मनगट मोकळं होतं.

कुणा बाईने माझ्या बाबांचं घड्याळ घातलं होतं, आणि चारचौघांत त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता. आणि मग कुणीतरी तिला ब्लेडने कापून काढलं होतं. कोण कापेल? ज्याला बघवलं नसेल तो. आईशिवाय दुसरं कुणाचं नाव माझ्या मनात आलं नाही.

"हा हात ठेवायचा की काढायचा?" त्यांनी विचारलं.

"काढा."

"काढला तर खालचा खांदा फोटोत नाय. शर्ट नाय. मला बनवावा लागणार. दुसरा खांदा उलटा करून इथे बसवतो. चालेल?"

"चालेल."

"घरात विचारलंस?"

"विचारायचं काही नाही. काढा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पडद्याकडे वळले. बोटांच्या कडेने ठिपके टाकत गेले. एकेका बोटाला सातआठ ठिपके. काढूनच टाकायचं तर इतकं जपून कशाला, असं मनात आलं, पण मी बोलले नाही. बटण दाबलं तेव्हा खांद्यावर हाताच्या आकाराचं भोक पडलं आणि त्यातून चौकटी दिसल्या. काही क्षणांनी तिथे दुसऱ्या खांद्याचा शर्ट येऊन बसला. मग मागे साधा करडा रंग भरला. जोड कुठे आहे ते मला शोधूनही सापडलं नाही. याचंच मला भय वाटलं. हे इतकं सोपं असेल, तर आजवर बघितलेल्या किती फोटोंवर विश्वास ठेवायचा?

मोठी प्रिंट मुंबईहून काढून आणावी लागे. शनिवारी मिळेल म्हणाले. मी कागदावरचा फोटो परत घेतला, कड आणि खूण तपासून तोच असल्याची खात्री केली, पुस्तकात ठेवला.

मधले तीन दिवस मी आईशी नीट बोलले नाही. तिने भाकरी वाढली की मी तिच्या हाताकडे बघायचे. या हाताने ब्लेड धरलं असेल. तिची मला दया येत होती, आणि ती आल्यागेल्यासमोर बाबांबद्दल चांगलंच बोलत होती म्हणून रागही येत होता. बाबांचा राग तर वेगळाच. ते गेले होते, त्यांच्यावर रागावायची सोय नव्हती. एकदा आई कपाट आवरताना ते घड्याळ कानाला लावून बसली होती. बंद पडलेलं घड्याळ. मी म्हणाले, "देऊन टाक कुणाला तरी." तिने ते पदराने पुसलं आणि परत कपाटात ठेवलं.

शनिवारी संध्याकाळी फ्रेम घेऊन आले. वर्तमानपत्रात बांधलेलीच ठेवली. रविवारी सकाळी टेबलावर पांढरी चादर घातली, बुद्धमूर्ती ठेवली, आणि मग आईने स्वतः कागद सोडवला.

तिने काच पदराने पुसली. चेहऱ्यावरून पदर फिरवला, मग गळ्यावरून, मग खांद्यावर आला आणि तिथे थांबला. तिने फ्रेम उजेडाकडे तिरकी केली.

"हात कुठं गेला?"

"कसला हात?" मी म्हणाले.

"खांद्यावरचा. हा माझ्या नणंदेच्या लग्नातला फोटो. यात खांद्यावर हात होता."

"तुला काय माहीत?"

"मला काय माहीत म्हणजे? माझा हात मला माहीत नसेल?"

आत्या ताटात फुलं घेऊन दारात आली होती. ती तिथेच थांबली. आईने तिच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "सांगा हिला. तुम्ही होतातच की."

आत्याने ताट खाली ठेवलं. "मी काय सांगू, वहिनी."

मग आईनेच सांगितलं. टेबलाशी उभ्या उभ्या, चादरीची सुरकुती सरळ करत. लग्नात बाबा बुंदी वाढत होते. पाकात बरबटेल म्हणून त्यांनी घड्याळ काढून तिच्या मनगटात घातलं. तेवढ्यात फोटोवाल्याने हाक मारली. मागच्या रांगेला बाकावर उभं केलं. आईच्या एका कडेवर मी होते, वर्षाची.

"बाकडं हलत होतं," आई म्हणाली. "तू अंग टाकत होतीस. मी धरायला गेले तर समोर ह्यांचा खांदा. धरला. तुला पडू द्यायचं होतं का?"

"आणि आजीने बघितलं," आत्या म्हणाली.

"फोटो घरी आल्यावर बघितलं. चारचौघांत नवऱ्याच्या खांद्यावर हात टाकून उभी राहिली, वर त्याचं घड्याळ घालून मिरवली. आठ दिवस ऐकवलं. मग एक दिवस फोटो घेऊन बसल्या. ब्लेड कुणी आणून दिलं होतं, ते मी कधी बोलले नाही."

"मी दिलं," आत्या म्हणाली. "ती म्हणाली आण, मी आणलं. नवी नवरी मी, मला काय कळत होतं?" तिचा आवाज फुटला. "म्हणून तर हिला म्हटलं, तुला दाखवू नको. या दिवसांत तुझ्यासमोर ते नको होतं."

"मला वाटलं होतं, फोटो तेव्हाच चुलीत गेला," आई म्हणाली. "ह्यांनी तसंच सांगितलं होतं. मग सासूबाई बदलापूरला लेकीकडे राहायला गेल्या, आणि मी त्या घरी पाय ठेवला नाही. सासू होती तोवर नाही, आणि नंतर राहूनच गेलं."

मी आत जाऊन पुस्तकातून फोटो आणला. आईने तो हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. ब्लेडच्या कडेवरून अंगठा फिरवला. त्या कडेपलीकडे ती होती आणि तिच्या कडेवर मी होते, हे मला आत्ता कुठे समजत होतं.

"तुला कुणाचा वाटला होता?" तिने विचारलं.

मी टेबलावरची मेणबत्ती सरळ केली. तेवढ्यावरून तिला कळलं. ती म्हणाली, "विचारायचं होतंस गं. मी इथेच तर होते."

माणसं यायला लागली होती. आईने लहान फोटो मोठ्या फ्रेमला टेकवून ठेवला, बरोबर खांद्याखाली. पंचशील झालं, वंदना झाली, लोक फुलं वाहायला पुढे येत होते. दोनतीन बायका वाकून बघत. एकीने विचारलंच, "हा हात कुणाचा हो?"

"माझा," आई म्हणाली. तिला त्यानंतरही चारपाचदा सांगावं लागलं आणि प्रत्येक वेळी तिचा आवाज जरा मोठा होत गेला. शेवटी तर कुणी न विचारताच सांगत होती. आत्या मान खाली घालून बसली होती.

सोमवारी मी पुन्हा कॅम्प दोनला गेले. सगळं पहिल्यापासून करायला लागेल, हे गृहीत धरून छोटा फोटो बरोबर नेला होता. स्टुडिओवाल्या काकांनी मला दारातच बघितलं आणि विचारलं, "हात पाहिजे?"

मी थक्क झाले. त्यांनी ड्रॉवरमधून एक फ्लॉपी काढली. वर पेन्सिलने लिहिलं होतं, अंबरनाथ, हात.

"तुम्ही तर काढून टाकला होता."

"काढला. टाकला कुठे? मी कापलेलं कधी टाकत नाय. निगेटिव्हच्या जमान्यात पण डब्यात ठेवायचो. माणसं रडत येतात, बोलतात काढा. दोन महिन्यांनी परत येतात." फ्लॉपी मशीनमध्ये घालत ते म्हणाले, "आणि तुझ्यावर तर मला शकच होता. तू काढा बोललीस तेव्हा माझ्याकडे बघितलं नाय. पडद्याकडे पण नाय."

पडद्यावर करड्या-पांढऱ्या चौकटी आल्या आणि त्यांच्या मधोमध आईचा हात. नुसता हात. मागे काही नाही, पुढे काही नाही. चार बोटं कशालातरी घट्ट धरून, आणि धरलेलं काहीच नाही. तेव्हा कळलं की त्या बोटांची पेरं ताठ झालेली आहेत. लाडाने ठेवलेला हात असा नसतो. पडणाऱ्या लेकराला वाचवताना माणूस असा धरतो. मी तीन दिवस त्या हाताचा विचार करत होते आणि एवढं माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"कुणाचा निघाला?" त्यांनी विचारलं.

"आईचा."

त्यांनी मान हलवली. माऊसने हात उचलला, बाबांच्या खांद्यावर आणला, थोडा डावीकडे, थोडा खाली. बसला.

दुसरी प्रिंट आठ दिवसांनी आली. आईने फ्रेम मांडीवर घेतली, छोटा फोटो शेजारी धरला आणि एकदा इकडे एकदा तिकडे बघू लागली. मी ग्रंथालयातलं भिंग आणून दिलं. तिने बोटं मोजली. घड्याळ बघितलं. मग भिंग मनगटाशी नेलं.

"त्याने दुसरा कुणाचा तर नाही ना बसवला? उल्हासनगरचा?"

"नाही गं. मी समोर बसले होते."

"तू समोर बसलेली होतीस, म्हणून तर विचारते," ती म्हणाली आणि पुन्हा भिंगातून बघायला लागली. "बांगड्या दोन होत्या. हिरव्या. यात रंग कळत नाही." थोड्या वेळाने भिंग खाली ठेवलं. "हं. माझाच आहे. लाव भिंतीला."